मे महिन्याचं पान

पाचपावलीच्या पुलाजवळ आमचं दुकान.
शिलाई मशीनच्या वर, एका खिळ्याला
मे महिना टांगलेला आहे,
अठ्ठ्याण्णव सालचा.
रंगाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं.
बाकीचे अकरा महिने रत्नमालानं
बाह्यांचे नमुने कापायला वापरले.
हे पान तेवढं वाचलं,
त्यात पाणी होतं म्हणून.

उतारावर एकमेकींच्या खांद्यावर बसलेली घरं,
हळदी, आणि धुऊन विटलेल्या गुलाबी अस्तरासारखी.
खाली होड्या.
डावीकडच्या तिसऱ्या खिडकीत
वाळत घातलेलं लाल काहीतरी.
रत्नमाला म्हणते टॉवेल.
मी म्हणते परकर.
सव्वीस वर्षं हा वाद चालून राहिला,
सेहेचाळीस डिग्रीत, लाइट गेल्यावर,
कूलरच्या टाकीत बादली ओतता ओतता.

मग तिच्या भाच्यानं, प्रज्वलनं,
मोबाइलवर पानाचा फोटो काढला
आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला,
मावशी, हे लेरिची. इटलीत आहे.
मला थोडा रागच आला.
इतकी वर्षं त्याला नाव नव्हतं
आणि काही अडलं नव्हतं.

त्या रात्री कटिंगच्या टेबलावर
निमजेकाकूंच्या काळ्या कापडावरच
खडूनं रस्ता आखला :
नागपूर, मुंबई, मिलान, ला स्पेत्सिया.
लेरिचीला स्टेशनच नाही. पुढे बस.
रत्नमाला म्हणाली, बरं आहे,
सासरसारखं.
झिरो माइलच्या दगडापासून
सगळेच समुद्र लांब,
मग एखादा जास्त लांबचा घेतला
तर काय बिघडलं?

किती दिवस?
दोन रात्री.
प्रज्वलनं कपाळावर हात मारला.
एवढ्या लांब जाऊन दोन रात्री?
रोम आहे, व्हेनिस आहे,
सात देशांचं पॅकेज आहे, जेवणात वरणभात आहे.
रत्नमालानं पानावर बोट ठेवलं,
जिथे नेहमी ठेवते तिथे,
मशीनच्या तेलानं तेवढा समुद्र काळवंडलाय.
आम्हाला इटली नाही पाहायची, म्हणाली,
हे पाहायचं.

एका तिकिटाचे तीनशे साठ ब्लाउज, अस्तराचे.
फॉल-पिकोचे पैसे डब्यात वेगळे,
ते तिथल्या बसला.
खोलीवाल्या बाईला प्रज्वलकडून लिहवलं,
लिफ्ट आहे का, एकीचा गुडघा दुखतो.
तिचं उत्तर आलं :
लिफ्ट नाही. पायऱ्या चौऱ्याहत्तर.
पण प्रत्येक वळणावर बसायला कट्टा आहे.
हे वाचून रत्नमालानं गुडघ्याला तेल लावणं
सकाळचं सकाळ-संध्याकाळ केलं.

तिथे मे महिन्यात वीस डिग्री.
म्हणजे स्वेटर, दोघी एकदम म्हणालो.
परकरांना आतून चेनचे खिसे शिवले,
पासपोर्ट बसेल एवढे,
आणि एक छोटा, सुपारीचा.

व्हिसाच्या फॉर्मात एक रकाना होता,
प्रवासाचा हेतू.
प्रज्वलनं पर्यटनावर खूण केली.
रत्नमाला चष्मा पुसत म्हणाली,
खरं लिही ना रे,
टॉवेल का परकर.

मला वेगळीच काळजी.
सव्वीस वर्षांत त्यांनी ते काढलं असेल.
खिडकी बुजवली असेल. घराला निळा रंग दिला असेल.
हे मी बोलले नाही.
काज करत बसले.

काल शटरवर पुठ्ठा लावला :
दुकान सहा दिवस बंद राहील.
निमजेकाकू रिक्षातून उतरल्या,
पुठ्ठा दोनदा वाचला, पदर डोक्यावर घेतला.
काहून व, कोणी गेलं काय?
खरंच आहे त्यांचं.
शटर त्याआधी पडलं ते
एकदा माझ्या मायसाठी,
एकदा रत्नमालाच्या नवऱ्यासाठी,
आणि त्या लॉकडाउनला.

रत्नमालाच्या ओठांत टाचण्या होत्या.
एकेक काढून तिनं उशीला टोचली.
हाव, काकू, म्हणाली,
आम्हीच जाऊन राहिलो.

काकूंनी आत पाहिलं,
भिंतीवरच्या मे महिन्याकडे,
मग टेबलावर पसरलेल्या आपल्या कापडाकडे.
त्यावर अजून खडूचं मिलान होतं.

अन् माझा ब्लाउज?