मोचेमाडच्या घराला खुंटी नाही

बाई म्हणाल्या, भिंत कोरी हवी.
बटण दिसता कामा नये, वायर दिसता कामा नये,
खिळा तर नाहीच नाही.
मी रंधा खाली ठेवला, विचारलं,
मग ओली छत्री?
त्यांनी फोनवर चित्र दाखवलं :
एक खोली, आणि तिच्यात फक्त उजेड.

तीस वर्षं मी घरं मोजली माणसांच्या उंचीने.
बटणं छातीशी, खुंटी डोक्याच्या वर वीतभर,
लाडवांच्या डब्याची फळी अशी, की
आईचा हात पोचावा आणि पोराचा पोचू नये.
इथे मला कुणाचीच उंची सांगितली नाही.

वायरमन कुडाळचा. निखिल धुरी.
कानांत दोन पांढऱ्या बिया घालून काम करायचा.
म्हणाला, मेस्त्री, राउटर घराच्या मधोमध ठेवूया,
तिथून सगळ्या खोल्यांना सारखं पोचतं.
मधोमध म्हणजे
आजवर मी जिथे देव्हारे बसवत आलो
बरोब्बर तिथे.
फणसाच्या फळीची पेटी केली.
तापतो म्हणाला, म्हणून जाळी कोरली.
मग हात सवयीने वर गेला
आणि एक छोटा कळस काढून बसला.
बाई हसल्या. वाईट नाही हसल्या.
पण तासायला लावला.

पडद्यांना दोरी नाही.
दिव्यांना सकाळ-संध्याकाळ आधीच पढवलेली.
मी म्हटलं, 'पंखो लाव.'
घर गप्प.
निखिलने इंग्रजीत सांगितलं, पंखा फिरला.
'शिकात हळूहळू मालवणी,' तो म्हणाला,
घर म्हणजे जशी काही नवी सून.

दसऱ्याला माणसं आली, चार दिवस राहिली.
दार बोटांनी उघडतं.
बोटं पुण्याला परत गेली.

तेव्हापासून रोज सात वाजून दहा मिनिटांनी
ओसरीवर दिवा लागतो.
सकाळी पडदे सरकतात, समुद्र आत डोकावतो,
बसायला कुणी म्हणत नाही.
एखादी पाल फिरली
तर मध्यरात्री अख्खा जिना उजळतो
आणि तिच्यासाठी जळत राहतो
दीड मिनिट.

पास्कू फर्नांडिस खाडीच्या तोंडाशी होडी घेताना
त्या दिव्यावर नजर ठेवायला लागला.
तिठ्यावर भेटला तेव्हा म्हणाला,
'मालक नेमाचो माणूस दिसता रे.
सात दहा म्हणजे सात दहाच.'
मी चहा पीत राहिलो.
खोटं कुठे होतं त्यात?

मग थंडीत कधीतरी
खाऱ्या वाऱ्याने आतलं काहीतरी खाल्लं.
दिवा लागला नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
तिसऱ्या सकाळी मला पुण्याहून फोन :
मेस्त्री, दाराशी एक माणूस उभा आहे,
कॅमेऱ्यात दिसतोय, हातात मासा आहे.
काय हवंय त्याला?

मी सायकल काढली.
पास्कू पायरीवर. बोटाला सरंगा लटकलेला.
दाराकडे बघून हळूच विचारत होता,
'घरात कोण आजारी आसा काय?'
दाराच्या काळ्या डोळ्यातून बाई म्हणाल्या,
हॅलो? हॅलो?
तो दचकला, दोन पावलं मागे आला,
पण पळाला नाही.
'बरा आसा मा?' त्याने त्या डोळ्यालाच विचारलं.

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.
मला वाटलं, रेंज गेली.
मग बाई म्हणाल्या, हो. बरं आहे.
आणि जरा थांबून,
सगळे बरे आहेत, थँक्यू.

पास्कूने मासा ठेवायला जागा शोधली.
भिंत चाचपली, खांब चाचपला,
गुळगुळीत सगळं, जणू माशाचंच अंग.
माझ्यावर उखडला,
'एवढा घर बांधलंस,
आणि येक खुंटी मारूक नाय तुका?'

संध्याकाळी बाईंचा मेसेज आला.
दिव्याबद्दल काही नव्हतं.
दाराजवळ एक लावता येईल का, विचारलं होतं.
फक्त एक.
जपून, आत वायरिंग आहे.

तर मी उभा आहे, हातात सागाची खुंटी.
भिंत कोरी.
तिच्या आतून काय कुठून गेलंय
त्याचा नकाशा निखिलच्या फोनमध्ये होता,
तो फोन त्याने बदलला.
तळहात टेकवतो. डोळे मिटतो.
इथे नाही. इथेही नाही.
इथे.