निव्वळ वजन

अकरा वर्षं मी ट्रकांची वजनं लिहिली
डिचोलीच्या पलीकडे, लाल धुळीतल्या एका पत्र्याच्या खोलीत.
भरलेला ट्रक काट्यावर चढायचा,
आकडा थरथरायचा, थांबायचा, मी एंटर दाबायचे.
भरलेलं वजा रिकामं, म्हणजे निव्वळ.
शाळेतलं बाकी गणित विसरले, हे राहिलं.

खाण बंद झाली. काटा तिथेच आहे,
त्याच्या फटींतून टाकळा उगवतो.
मी आता बाजारात, शेणवींच्या दुकानात झेरॉक्स काढते.
एका प्रतीचे दोन रुपये, पाठपोट तीन.

शनिवारी कदंब पकडून म्हापशाला गेले.
बेकरीच्या वर दुसरा मजला, काचेचं दार,
आत एसी इतका की खालचा पावाचा वाससुद्धा गारठलेला.
सेल्विना नावाची मुलगी, माझ्याहून बारा वर्षांनी लहान,
मॅडम म्हणाली आणि तीन पत्रकं पुढे सरकवली:
टेस्टिंग, नेटवर्किंग,
आणि डेटाचं, सगळ्यात जाड, गुळगुळीत,
वर हसणारी मुलं.
"प्लेसमेंटसाठी हंड्रेड पर्सेंट असिस्टन्स, मॅडम."

मी मनात रिकामा ट्रक वजा केला.
एसी गेला, काच गेली, हसणारी मुलं उतरली, हंड्रेड उतरला.
असिस्टन्स तेवढा काट्यावर उरला
आणि तो किती किलो, ते तिला सांगता येईना.

"बॅकग्राउंड काय तुमचं?"
वजनकाटा, म्हणाले.
तिने यादी दोनदा खालीवर केली
आणि 'इतर'वर टिचकी मारली.

भावाने पुण्याहून सांगितलं, क्लाउड कर.
शेजारचा उगम म्हणाला, आता सगळं एआयच करणार, तू केक शीक.
आईने फक्त विचारलं,
क्लास सुटल्यावर परतीची बस आहे?
साडेआठची आहे. कधीकधी नसते.

पण माझ्याकडे एक हिशोब आहे, जो सेल्विनाकडे नाही.
तालुक्यातल्या मुलांचे बायोडेटा माझ्या हातून जातात.
डेटावाली मुलं दर महिन्याला येतात,
आधी दहा प्रती, मग पाच, मग सुट्टे नाहीत म्हणून तीन.
मयेचा रुपेंद्र तर दोन पानांचं एक करून घेऊन गेला,
अक्षर मुंगीएवढं.
नेटवर्किंगवाला एकच, नार्व्याचा, तो रागावलेला असतो.
टेस्टिंगच्या चौघी होत्या.
मार्चमध्ये आल्या, एप्रिलमध्ये आल्या,
मग आल्याच नाहीत.

शेणवींच्या वहीच्या मागच्या पानावर मी रेघा मारून ठेवल्यात.

तरी काय सांगावं.
लागल्या असतील.
थकल्या असतील. एकीचं लग्न ठरलं असेल.
खालच्या गल्लीत प्रत दीड रुपयाला मिळते, तिकडे जात असतील.
जो ट्रक काट्यावर आलाच नाही
त्याची पावती कशी फाडायची?

रात्री पत्रक उघडलं. पहिली ओळ: चुका शोधायला शिका.
मला कुष्ठा ड्रायव्हर आठवला.
रिकामं वजन करताना स्टेपनी झाडीत काढून ठेवायचा,
म्हणजे निव्वळ फुगायचं.
मी खोलीतून बाहेर येऊन म्हटलं, कुष्ठा,
ट्रक उपाशी राहिला म्हणून नव्वद किलो उतरत नाही.
तो हसला, झाडीतून टायर ढकलत आणला,
आणि आम्ही दोघांनी तो परत चढवला.
ओढणीला लागलेलं ग्रीस अजून निघालेलं नाही.

सोमवारी दुकान बंद करायच्या आधी
टेस्टिंगचा फॉर्म भरला.
अनुभव या रकान्यात तीन बोटांची जागा होती.
वजनकाटा, अकरा वर्षं, लिहिलं. 'इतर' खोडलं.
पहिला हप्ता, मंगळसूत्राला धक्का न लावता, जमतोय.

मग स्वतःचा बायोडेटा काचेवर पालथा ठेवला.
हिरवा उजेड त्याच्या पोटाखालून सरकत गेला.
एकच प्रत काढली.
दोन रुपये गल्ल्यात टाकले.
शटर अर्ध्यावर आणलं, थांबले,
परत आत गेले
आणि अजून चार काढल्या.