चिकटवलेल्या ओळी

तार्तूच्या दवाखान्यात डॉक्टर उर्मास
कागदावर जनुक काढून दाखवतो:
"इथं लिहिलंय, 'थांब'. पण एका विकरानं
त्यावर पट्टी डकवलीय.
खालचं अक्षर शाबूत आहे."

लेइदा हसते. तिला कोण शिकवणार!
सोव्हिएत काळात, ग्रंथालयाच्या तळघरात
वीस वर्षं तिनंच लावल्या पट्ट्या,
पिठाची खळ, बोटं कायम आंबूस.
मग एका ऑगस्टात ओला बोळा घेऊन
तिनंच सोडवल्या.
काही पानं फाटली.

"तुमच्याच गाठीतलं विकर बघून
औषध निवडलंय," तो म्हणतो.

ती गळपट्टा गुंडाळते, दाराशी थबकते:
"तेवढीच ओळ उघडेल ना?
एक मी आपणहून झाकली होती.
तिच्यात भावाचं नाव होतं."