परत बोलावणं

कंपनीचं पत्र आलंय, जाड कागदावर,
माझं आडनाव चुकवून:
गिअर पार्कमध्ये असतानाही
गाडी आपसूक सरकू शकते.
दुरुस्ती मोफत. तारीख त्रेचाळीस दिवसांनंतरची.
तोवर चाकाखाली ठोकळा लावावा, ही विनंती.

विनंती वाचून इनामदार हसला.
त्याच्याही दोन गाड्या वडाळ्याच्या टर्मिनलात उभ्या.
हप्ता मात्र, म्हणाला,
पार्कमध्ये टाकला तरी पाच तारखेकडे सरकतोच.

मी ही गाडी घेतली गुडघ्यासाठी.
सत्तावीस वर्षं क्लच दाबून डावा गुडघा
बिजागरीसारखा करकरतो.
शोरूमचा पोरगा म्हणाला होता,
काका, डावा पाय आता घरी ठेवून या.
पाय नाही ठेवला.
केरबाला ठेवलं घरी.

केरबा क्लीनर. गाडी थांबते न थांबते तोच उडी,
मागच्या चाकाखाली दगड,
आणि पत्र्यावर दोन थापा: हां, शेठ.
त्या थापा पडल्याशिवाय
ब्रेकवरचा पाय मी कधी उचलला नव्हता.

काल रात्री फोन केला.
आता कॉटन ग्रीनला असतो, वजनकाट्यावर.
चूक आमच्याकडूनच झाली, मी म्हणालो,
पत्रातल्यासारखंच, पण आडनाव नीट घेऊन.
बराच वेळ नुसती काट्याची पीप पीप.
मग म्हणाला,
दगड आहे का अजून?
चुना फासलेला, संडासाच्या भिंतीशी ठेवला होता.

बॅटरी घेऊन शोधतोय.