यापूर्वी : १

मेच्या दुपारी कूलरपुढे पडून असते.
ओल्या वाळ्याचा वास डोक्यात चढतो.
आवडायचा मला तो, लग्नाआधी.
राष्ट्रपाल इंदोऱ्याच्या गल्ल्यांतून लोकांचे कूलर दुरुस्त करत फिरतो,
आमच्या मोटारीची खरखर तशीच.
त्या खरखरीत कुणी बोलतंय असं वाटतं.
उठून बटण बंद केलं
की कुणीच बोलत नव्हतं
हे जास्त मोठ्यानं ऐकू येतं.

सहावा महिना.
आत तो हलतो. किंवा ती.
सासूबाई ‘तो’ म्हणतात.
मी पोटावर हात ठेवते
परक्या दारावर ठेवावा तसा,
आत कुणी आहे का बघायला,
आणि दार उघडलंच तर काय बोलायचं
ते अजून ठरलेलं नाही.

सासूबाई वाईट नाहीत.
हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं.
माझ्यासाठी बिनतिखटाचं वरण वेगळं काढतात,
म्हणतात, "काहून वं सुकेशनी, तोंड असं उतरवून?
पोटुशी बाई रडली का पोरगं रडकं होते."
मग मी हसते.
दात दिसतील एवढं.

दवाखान्यातल्या कार्डावर रकाने आहेत.
वजन. उंची. साखर.
रक्त नऊ पूर्णांक एक, म्हणून लाल शिक्का :
जोखमीची माता.
बाकावरची बाई म्हणाली, "भेऊ नको बाप्पा,
मलेही लागला तो. खजूर खाय."
आणि त्याखाली, यापूर्वीचे गर्भपात,
पुढे निळ्या शाईत एक.
पाचवा महिना होता तेव्हा, नोव्हेंबर.
कळमन्याला निघालेल्या संत्र्यांच्या ट्रकांमागे
आमचा ऑटो अडकून राहिला होता,
सगळ्या रस्त्याला गोड वास.
कुणी नंतर नाव काढलं नाही.
ठेवलंच नव्हतं,
काढणार कुठून.

धुर्वे सिस्टरनी कार्ड उलटं केलं
आणि पंख्याखाली खुर्ची ओढून दिली.
"झोप लागते?"
लागते. तीनला उघडते.
"तुझ्या घरी कुणाला झालं होतं असं?"
माझ्या वेळेस आई दीड महिना
चुलीकडे पाठ करून बसली होती.
बाहेरचं झालं म्हणून लिंबं उतरवली तिच्यावरून.
तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.
"नवरा मारते?"
नाही. फक्त जून लागला की कूलर बंद, काम बंद,
भाडं दोन महिन्यांचं राहिलंय, तो गप्प बसतो.
"बोलायला कोन आहे तुले?"
सगळे आहेत, म्हटलं.
"सगळे म्हंजे कोन कोन?"
मोजायला हात वर घेतला.
बोटं उघडीच राहिली.

मग हळू, दाराकडे बघत :
"मरून जावं वाटते का?"
मी म्हटलं, झोपून जावं वाटतं.
खूप.
पेन खाली ठेवलं तिनं.
तिच्या नखांना हळद होती, सकाळच्या स्वयंपाकाची,
तेवढंच बघत होते मी,
आणि किती वेळ रडले ते माहीत नाही.
बाहेरच्या रांगेतून कुणी ओरडलं, अजून किती वेळ.

"हे रक्तासारखंच समज," ती म्हणाली,
"कमी होते, भरता येते. तुह्या हातून चूक नाही झाली काही."
मला पटलं नाही.
पण चूक हा शब्द मी काढलाच नव्हता,
तिला कसा सापडला?

रकाना नव्हता, म्हणून समासात पेन्सिलीनं लिहिलं :
बुधवार, खोली चौदा. नवऱ्यास आणणे.
त्याआधी तसं वाटलं तर थेट निघून ये म्हणाली,
रात्र असली तरी. नंबर दिला.

राष्ट्रपालनं कार्ड दोनदा वाचलं.
मे महिन्यातला बुधवार म्हणजे सहा-सात कूलर.
तो काही बोलला नाही. पेचकस घेऊन
आमच्या कूलरची मागची जाळी काढली,
अंधार पडेपर्यंत तिथंच उकिडवा.
"येतो," म्हणाला मग, मोटारीला.
किंवा मला.

आज शनिवार.
मधे अजून तीन दुपारी आहेत.