कोपराची उंची

हळदोण्यात, जिथे डिसेंबरातही
पंखा एकवर ठेवून झोपतात माणसं,
एर्मेलिंडाबाय बार्रेटो मला म्हणाली,
मेस्ता, एक फायरप्लेस बांधायची.

मी छपराकडे पाहिलं. धुराडं कुठून काढू?
धुराडं नको, म्हणाली. आग नको.
फक्त चौकट.

तीस वर्षं हातात थापी आहे.
विहिरी बांधल्या, तुळशी, वाटेवरचे खुरीस,
एका बँक मॅनेजरच्या कुत्र्याची समाधीसुद्धा.
नसलेल्या आगीला चौकट
पहिल्यांदाच.

उगोनं मोबाइलवर नमुने दाखवले,
व्हिक्टोरियन, जॉर्जियन, आणखी कसल्या राजाराण्यांचे.
ती म्हणाली, मला घर सजवायचं नाही रे.
मग काय करायचंय, ते सांगेना.

म्हापशाहून मकराण्याचा तुकडा आणला.
तिनं गाल लावून पाहिला.
थंड आहे. दवाखान्यासारखा.
कडाप्पा? त्यावर मी बांगडे कापते.
ग्रॅनाइटमध्ये तिला स्वतःचं तोंड दिसलं
आणि तिनं तो गोणपाटाखाली सरकवला.

पणजीहून निळ्या आझुलेजो, बारा नग,
कापसात गुंडाळून मांडीवर आणलेल्या:
गलबतं, पक्षी, विहिरीपाशी एक बाई.
त्या मात्र तिनं जमिनीवर मांडल्या,
दुपारभर पाहिल्या.
गलबतं जाणारीच आहेत सगळी, म्हणाली,
एकही येत नाही.
उगो हसला. मी त्याला चुना चाळायला पाठवला.

स्विंडनला होती म्हणे एक.
घर भाड्याचं, ती विटांनी बुजवलेली,
वर पांढरा रंग, यांच्या आधीपासूनच.
सांतान रात्रपाळी करून यायचा,
बूट न काढता तिथे उभा राहायचा,
एक कोपर वरच्या फळीवर,
दुसरा तळवा त्या विटांपुढे धरून.
मस्त ऊब आहे गो, म्हणायचा.
बावीस वर्षं तीच थट्टा.
ती दर वेळी हसायची असं नाही.

मी टेप खिशात घातली आणि म्हटलं,
बाय, माझ्या ओळखीचा एकच दगड आहे. चिरा.
खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो,
वारा लागेल तसा घट्ट होत जातो.
भोकं असतात. मुंग्या राहतात.
पाणी पितो. टेकलं तर कपड्याला तांबडं लागतं.

लागू दे, ती म्हणाली.

गिलावा नको. पॉलिश नको.
सांध्यांत शिंपल्यांचा चुना, बोटानं दाबून.
फळी फणसाची करू? आहे माझ्याकडे, वाळलेली.
चिऱ्याचीच.
मग आत दोन सळया टाकाव्या लागतील.
टाक.

उंची?
ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली
आणि स्वतःच्या हनुवटीखाली बोट धरलं.
इथे यायचं त्याचं कोपर.
मी पेन्सिलीनं रेघ मारली.
चार फूट एक इंच.
रेघ मारून झाली तरी ती
बराच वेळ तिथून हलली नाही,
आणि आम्ही दोघांनी उगाच
घमेली धुवायला काढली.

पैसे न्यायला गेलो फेस्ताच्या आठवड्यात.
चौकटीत टेबलफॅन ठेवलेला,
तोंड खोलीकडे, फुल्ल स्पीड.
वर ना फोटो, ना मेणबत्ती.
तिचा चष्मा, लाइटचं बिल,
अर्धा खाल्लेला पेरू.

ती पैसे आणायला आत गेली.
मी सकाळपासून उभाच होतो, कोपर टेकवलं.
काम सुतात बसलं होतं.
पंख्याचा वारा पोटऱ्यांना लागत होता.
दुसरा हात आपोआप पुढे गेला,
मग मी तो खिशात घातला.

रस्त्यावर आल्यावर उगो म्हणाला,
मेस्ता, बाही बघ तुझी.