वजा भांडं

आधी भांडं ठेवायचं. शून्य करायचं.
मग टॉवेल. पुन्हा शून्य.
मग स्त्रोप.

स्त्रोप म्हणजे आमच्या भाषेत काकवी.
नातीनं, नीन्केनं, ठेवलेलं नाव,
गिनीपिगच्या पाठीचा रंग बघून.
नीन्के आता लेवार्डनला, आईच्या नव्या घरी.
तिथे प्राणी चालत नाहीत.
काकवी माझ्याकडे राहिली.

एकतीस वर्षं मी साखर कारखान्याच्या फाटकावर,
वजनकाट्याच्या काचेच्या खोलीत बसले.
सप्टेंबर ते जानेवारी, रात्रपाळी धरून,
ग्रोनिंगनच्या धुक्यातून येणारे बीटाचे ट्रक.
भरलेला आत, रिकामा बाहेर,
मधला फरक तो माल.
त्यातून चिकटलेली माती वजा.
वीस किलो इकडेतिकडे झाले, तर कुणी विचारत नसे.

एकदा हार्म विर्डानं पावतीखालून पन्नासाची नोट सरकवली.
‘फ्राउके, माती जरा कमी लाव की.’
नोट तशीच परत गेली.
माती होती तेवढीच लागली.
त्यानंतर दहा वर्षं तो मला नुसतं
‘काटा’ म्हणायचा.

आता स्वयंपाकघरातला काटा.
आठशे चाळीस ग्रॅम, मिशांसकट.
डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलंय:
किलोमागे अर्धा मिलिग्रॅम.
बाटलीवर लिहिलंय: मिलिलिटरमध्ये दीड.
विजेच्या बिलाच्या पाठीवर मी तीनदा मांडते.
०,४२ भागिले १,५.
०,२८.

आमच्याकडे दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात.
तो एक घर सरकला तर २,८,
आणि उद्या भांड्यात नुसता टॉवेल.
म्हणून तिथे पेन टेकवून
मी खरंच अंमळ थांबते.

बिनसुईची सिरिंज. रेघा मुंगीच्या पायाएवढ्या.
एक बुडबुडा आत शिरतो, औषधाची जागा अडवून बसतो.
नखानं टिचकी. पुन्हा टिचकी. गेला.
दातांच्या मागून, गालाच्या बाजूनं, हळू.
ती चघळते, आणि अशी बघते
जणू मी तिच्या पावतीत काही खोडलंय.

ऑक्टोबरात अकराशे होती. ०,३७.
नोव्हेंबरात नऊशे साठ. ०,३२.
औषध कमी कमी होत गेलं,
बरं वाटतंय म्हणून नव्हे.
जिला द्यायचं तीच कमी होत गेली,
आणि भागाकार तिच्या मागे मागे,
एक शब्द न बोलता.

रविवारी फोन.
‘आजी, काकवी किती?’
काट्यावर सातशे वीस.
‘नऊशे,’ मी म्हणते. ‘नऊशेला चार कमी.’
चार मुद्दाम कमी.
गोल आकडा खोटा वाटतो, हे फाटकावर शिकले.

तिकडे पेन्सिलीची खरखर. नीन्केला दशांश शिकवलेत यंदा.
‘मग ०,३ ना? जवळजवळ?’
‘बरोबर,’ मी म्हणते.
भागाकार बरोबरच होता.

फोन ठेवल्यावर सिरिंजमध्ये ०,२४ भरते.
तिथे काही इकडेतिकडे नाही.

मग तिला उचलून गवतात ठेवते.
हाताला आता बरगड्या लागतात, मोजता येतील अशा.
मोजत नाही.

काटा शून्यावर यायला हवा. येत नाही.
तीन ग्रॅम दाखवतो:
टॉवेलच्या घडीत दोन लेंड्या,
गवताची काडी, काकवीच्या रंगाचे केस.
नियमानं हे वजा करायचं.
हार्म विर्डा, कुठे असशील तिथून हस हवं तर,
वहीत मी सातशे वीसच लिहिते.